सर्वांत वाईट तासाचा हिशेब

कल्याण पश्चिमेला खडकपाडा, आधारवाडी, बारावे, गांधारे या पट्ट्यात जे मनोरे उभे राहिले आहेत, त्यांची सकाळ लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेली असते. साडेपाचच्या सुमारास पहिला गीझर चालू होतो. साडेसहा ते आठ या वेळात प्रत्येक न्हाणीघर, प्रत्येक ओटा, प्रत्येक मिक्सर आणि इमारतीच्या सगळ्या लिफ्ट एकाच वेळी कामाला लागलेल्या असतात. त्याच इमारतीत दुपारी तीन वाजता गेलात तर लिफ्ट तळमजल्यावर दार उघडे ठेवून उभी असते आणि पंपरूममध्ये शांतता असते. नळ तेच, तारा त्याच, पण सकाळच्या आणि दुपारच्या भारात कितीतरी पटींचे अंतर पडते. हे अंतर इमारत कागदावर असतानाच ओळखून नळाची जाडी, केबलचा आकार आणि लिफ्टची संख्या ठरवणारा माणूस म्हणजे इमारत सेवा अभियंता.

साइटवर त्याला कोणी या नावाने हाक मारत नाही. तिथे तो 'एमईपी'वाला: मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग. इमारत कशी दिसेल ते आर्किटेक्ट ठरवतो, ती उभी कशी राहील ते स्ट्रक्चरल इंजिनिअर पाहतो. आत राहणाऱ्याला पाणी, उजेड, हवा आणि लिफ्ट मिळेल की नाही, त्याचे सांडपाणी कुठे जाईल आणि आग लागली तर तो जिवंत बाहेर कसा पडेल, हे या तिसऱ्याचे काम. फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पूर्वेचा वारा विचारतो, टाइल्सची कंपनी विचारतो. पाण्याचा मुख्य नळ किती इंची आहे हे विचारणारा ग्राहक विरळा. पण पुढची तीस वर्षे घरात सुखाने राहता येईल की नाही, ते बऱ्याच अंशी या न विचारलेल्या गोष्टींवर ठरते.

साध्या दिवशी कोणतीही इमारत चालते. या अभियंत्याला वाईट तासाचा हिशेब करायचा असतो.

या हिशेबाचा पाया एका अमेरिकन अभियंत्याने घातला. रॉय हंटर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करत. इमारतीतले सगळे नळ एकाच क्षणी उघडतील असे धरले तर नळ फार जाड आणि महाग होतो. सरासरी वापर धरला तर सकाळी वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते. हंटर यांनी १९४० साली संभाव्यतेच्या गणिताने मधला मार्ग काढला. गर्दीच्या वेळेत शंभरातल्या नव्याण्णव क्षणी जितके नळ एकदम चालू असू शकतील, तेवढ्यांसाठी व्यवस्था करावी. उरलेल्या एका क्षणी धार थोडी मंदावली तर चालेल. बेसिन, शॉवर, फ्लश यांना वेगवेगळे भारांक देऊन त्यांची बेरीज करायची आणि आलेखावरून प्रवाह काढायचा, ही त्यांची रीत आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आली. भारतीय मानक ब्युरोची ही संहिता पहिल्यांदा १९७० साली निघाली आणि २०१६च्या आवृत्तीत प्लंबिंगला स्वतंत्र भाग आहे.

मात्र हंटर यांच्या गणितात एक गृहीतक आहे. त्यांनी वेळ गर्दीचीच धरली, पण त्या वेळेतही एका घरातला नळ दुसऱ्या घरातल्या नळापासून स्वतंत्र चालतो असे मानले. कल्याणात हे पुरते खरे नाही. शंभर घरांतली नोकरदार माणसे जर एकाच अर्ध्या तासातल्या तीन-चार जलद गाड्यांपैकी एखादी पकडणार असतील, तर त्यांच्या आंघोळी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. म्हणून या शहरासाठी आराखडा करताना पुस्तकातला आकडा डोळे मिटून उचलू नये, थोडा हात सैल सोडावा, असे माझे मत आहे. पुस्तकाला कल्याण स्टेशन माहीत नाही, अभियंत्याला ते माहीत असायला हवे.

लिफ्टचेही तसेच. एक नमुना घेऊ: वीस मजले, मजल्यावर चार घरे, म्हणजे ऐंशी घरे आणि साधारण ३२० माणसे. संहितेप्रमाणे निवासी इमारतीच्या लिफ्टनी पाच मिनिटांत रहिवाशांपैकी साधारण साडेसात टक्के लोकांची ने-आण करावी, म्हणजे चोवीस माणसांची. आठ जणांची, सेकंदाला दीड मीटर वेगाची लिफ्ट तळापासून वर जाऊन, चार-पाच मजल्यांवर थांबत परत येईपर्यंत अडीच मिनिटे सहज जातात. पाच मिनिटांत दोन खेपा. आठांच्या लिफ्टमध्ये दप्तरे, डबे आणि पाठीवरच्या बॅगा धरून खरी माणसे सहाच मावतात. म्हणजे एका लिफ्टचे बारा, दोन लिफ्टचे चोवीस. आकडा जेमतेम बसला. आता दोन्हींपैकी एक दुरुस्तीसाठी बंद असेल त्या सकाळी काय होते, ते सोळाव्या मजल्यावर राहणाऱ्याने सांगावे. म्हणून जाणता सल्लागार बिल्डरला तिसरी लिफ्ट घ्यायला लावतो, आणि ती जमली नाही तर निदान लिफ्टची देखभाल दुपारीच करायची अशी अट करारात घालतो.

लिफ्ट वीज गेल्यावर दोर तुटल्यासारखी खाली कोसळेल, ही भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. ती खरी नाही. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असते आणि त्याचे वजन रिकाम्या लिफ्टचे वजन अधिक तिच्या क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के इतके ठेवतात. त्यामुळे ब्रेक सुटला तर जवळजवळ रिकामी लिफ्ट वर ओढली जाईल. शिवाय वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला की गव्हर्नर नावाची यंत्रणा लिफ्टखालचे जबडे रुळांना घट्ट धरायला लावते. अशाच धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचे जाहीर प्रात्यक्षिक एलिशा ओटिस यांनी १८५४ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतः फलाटावर उभे राहून आणि दोर कापायला लावून दाखवले होते. वीज जाताच लिफ्टला बॅटरीवर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी एआरडी यंत्रणा आता सर्रास बसवतात. पण तिची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि ती बदलायची आठवण माणसे आत अडकल्यावरच होते. महाराष्ट्रात १९३९चा जुना लिफ्ट कायदा जाऊन २०१७चा नवा कायदा आला, त्यात सरकते जिनेही आले. लिफ्टच्या तपासणीचा कागद लिफ्टमध्ये लावलेला असतो. त्यावरची तारीख वाचावी.

कल्याणच्या पाण्याची वाट फार लांबची आहे. महापालिका ते उल्हास नदीतून उचलते आणि मोहिली, बारावे इथल्या केंद्रांत शुद्ध करते. पण भर उन्हाळ्यात उल्हासला पाणी येते कुठून? मावळातल्या ठोकळवाडी धरणाचे पाणी घाट उतरून भिवपुरीच्या वीजकेंद्रात येते. टाटांचे हे केंद्र १९२२चे. तिथली चक्रे फिरवून झाली की ते पाणी उल्हासमध्ये सोडले जाते. बारवी धरणाचे पाणीही याच खोऱ्यातले. म्हणजे खडकपाड्यातल्या नळाला येणाऱ्या पाण्यातला काही भाग मुळात सह्याद्रीपलीकडे, पूर्वेला भीमेकडे वाहून गेला असता. एवढा प्रवास करून आलेले पाणी इमारतीच्या फाटकापाशी पोहोचते तेव्हा त्यात वर चढायचा दाब उरलेला नसतो, आणि ते दिवसाचे काही तासच येते. तिथून पुढे इमारतीची स्वतःची व्यवस्था सुरू होते: जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी.

शहरांसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. आपल्या नमुन्याच्या इमारतीला त्या हिशेबाने रोज ४३ हजार लिटर लागतील. ते साठ मीटर वर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राप्रमाणे सात युनिट वीज पुरते. पण पंप, मोटर आणि नळातले घर्षण मिळून त्यातली निम्मी ताकद खातात, म्हणून मीटरवर चौदा-पंधरा युनिट पडतात. जुनाट पंप असेल तर आणखी जास्त. सोसायटीच्या वार्षिक सभेत वीजबिलावर तासभर वाद होतो. त्या तासात पंपाची कार्यक्षमता मोजून घ्यायचा ठराव झाला तर पैसे खरोखर वाचतील.

पाणी वर चढले की उलटी अडचण सुरू होते. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा दाब एका बारने वाढतो. गच्चीवरची टाकी साठ मीटरवर असेल तर पहिल्या मजल्यावर पाच-साडेपाच बार दाब येतो. त्या दाबाने फ्लशचे वॉशर कापले जातात, गीझरची टाकी फुगते, सांधे ठिबकतात. विसाव्या मजल्याला मात्र टाकी अगदी डोक्यावर असल्याने शॉवरला धारच लागत नाही. यावर उपाय म्हणजे वरच्या दोन-तीन मजल्यांना छोटा प्रेशर पंप आणि खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर चाळीस मजल्यांपलीकडचे मनोरे झाले आहेत. तिथे पाण्याचे उंचीनुसार वेगवेगळे झोन पाडावे लागतात. पंप बंद होताच भिंतीत धाडकन आवाज येत असेल, तर तो उलटा वळलेला पाण्याचा लोट व्हॉल्व्हवर आपटल्याचा आवाज असतो. व्हॉल्व्ह बदलून तो थांबतो. न थांबवल्यास एक दिवस नळ सांध्यात फुटतो.

विजेशी या भागाचे नाते जुने आहे. ठाकुर्लीचे चोळे पॉवर हाऊस १९२९च्या सुमारास जीआयपी रेल्वेने बांधले, कारण मुंबईहून घाटाकडे जाणाऱ्या गाड्या विजेवर चालवायच्या होत्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडले. आज घरातली वीज महावितरणची. आपल्या ऐंशी घरांत प्रत्येकी दोन, दोन किलोवॉटचे गीझर धरले तर ते सगळे चालू असताना ३२० किलोवॉट होतात, आणि त्यात एसी, ओव्हन, वॉशिंग मशीन अजून धरलेलेच नाहीत. सगळे एकदम चालत नाही म्हणून अभियंता त्या बेरजेला एका गुणकाने कमी करतो आणि मग ट्रान्सफॉर्मर ठरवतो. हा गुणक निवडणे हेच त्याच्या अनुभवाचे माप. वीस वर्षांपूर्वी प्रत्येक खोलीत एसी असेल असे कोणी धरले नव्हते. म्हणून जुन्या इमारतींच्या मीटर रूममध्ये मे महिन्यात केबलना हात लावला तर त्या तापलेल्या लागतात. उद्या पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांचे चार्जर येतील, काही ठिकाणी आलेही आहेत. आज आराखडा करणाऱ्याने त्यांच्यासाठी पॅनेलमध्ये जागा आणि शाफ्टमध्ये एक मोकळा केबल ट्रे ठेवलाच पाहिजे.

गीझरचा भार कमी करायचा खात्रीचा उपाय म्हणजे गच्चीवरचा सोलर हीटर. कल्याण-डोंबिवली महापालिकेने नव्या इमारतींना तो बंधनकारक केला, ही या शहराने केलेली चांगली गोष्ट. पण यंत्रणा बसवणे आणि ती वापरात राहणे यांत फरक पडतो तो एका नळामुळे. पाऊण इंची नळात दर मीटरला सुमारे एक तृतीयांश लिटर पाणी मावते. गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत ४५ मीटर नळ असेल तर गरम पाणी येण्यापूर्वी चौदा-पंधरा लिटर गार पाणी वाहून जाते. दोन दिवस हे पाहून माणूस सोलरचा नळ बंद करतो आणि गीझर लावतो. नळातले पाणी छोट्या पंपाने फिरते ठेवणारी रिटर्न लाइन घातली की हा प्रश्न मिटतो. ती लाइन आराखड्यात नसेल तर नंतर घालणे फार कठीण.

१२ ऑक्टोबर २०२० हा दिवस या परिसरातल्या प्रत्येक सेवा अभियंत्याने लक्षात ठेवावा असा आहे. सकाळी दहाच्या सुमारास कळवा आणि पडघा या अतिउच्चदाब केंद्रांच्या जाळ्यात बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण असा सगळा प्रदेश एकदम अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, काही घरांत माणसे प्राणवायूच्या यंत्रांवर होती. अशा वेळी इमारतीचा जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत आपोआप चालू व्हायला हवा आणि त्यावर एक लिफ्ट, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप चालला पाहिजे. जनरेटर चालू होत नाही त्याचे कारण बहुधा इंजिनात नसते. सुरू करणारी बॅटरी मेलेली असते. आठवड्यातून एकदा, तेही भार टाकून, जनरेटर चालवून पाहणे हा त्यावरचा एकमेव उपाय. वॉचमनने तो दोन मिनिटे रिकामा गुरगुरवून बंद केला तर ती चाचणी होत नाही.

पुराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कल्याणकरांना तो समजावून सांगावा लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या पात्राबाहेर आल्या. २०१९च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा कल्याणच्या सखल भागांतही पाणी शिरले. वालधुनी, रेतीबंदर या बाजूच्या इमारतींत मीटर रूम तळमजल्यावर, जमिनीच्या पातळीला ठेवणे म्हणजे पुराच्या रात्री सगळ्या इमारतीला अंधारात ढकलणे. मीटर, पॅनेल आणि जनरेटर चौथऱ्यावर किंवा पोडियमवर चढवावेत. त्याहून जास्त दुर्लक्ष होते ते जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीकडे. तिचे झाकण अंगणाच्या पातळीत असेल तर गटाराचे पाणी थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते. पूर ओसरतो, पण कावीळ आणि जुलाब पुढचे दोन महिने घरोघर फिरत राहतात. झाकणाची कडा दोन फूट वर घ्यायला लागणारा खर्च अगदी मामुली आहे.

आगीबाबत मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. जानेवारी २०२४मध्ये डोंबिवलीजवळ खोणी-पलावा भागातल्या एका बहुमजली इमारतीला आग लागली आणि ती गॅलऱ्यांच्या बाजूने मजल्यामागून मजले चढत गेली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कल्याणच्या आधारवाडी परिसरात एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर आग लागली. अशा उंचीवर अग्निशमन दलाची शिडी पोहोचेलच याची खात्री नसते. पोहोचली तरी गाडी अंगणात शिरायला रस्ता लागतो, आणि तिथे रहिवाशांच्या मोटारी उभ्या असतात. म्हणून उंच इमारतीची अग्निसुरक्षा एका तत्त्वावर उभी आहे: आगीशी पहिली झुंज इमारतीने स्वतः द्यायची. टाकीत आगीसाठी राखलेले पाणी, मुख्य पंप, वीज गेली तर चालणारा डिझेल पंप, नळात दाब कायम राखणारा छोटा जॉकी पंप, प्रत्येक मजल्यावर हायड्रंट आणि होजरील, छतावर स्प्रिंकलर, हा सगळा पसारा त्यासाठी असतो.

सर्वांत वरच्या हायड्रंटला निदान साडेतीन बार दाब मिळाला पाहिजे असा नियम आहे. साठ मीटर उंचीचे सहा बार, वरचे साडेतीन, नळातल्या घर्षणाचा एक. म्हणजे पंप साडेदहा बारचा हवा. स्प्रिंकलरमध्ये द्रव भरलेली काचेची लहान कुपी असते. निवासी इमारतीत ती बहुतेक लाल रंगाची असते आणि ६८ अंश सेल्सिअसला फुटते. ज्या डोक्याखाली आग असेल तेवढेच उघडते. सिनेमात दाखवतात तसे सगळ्या इमारतीभर पाणी पडत नाही. बऱ्याचदा एक-दोन स्प्रिंकलरमध्ये आग आटोक्यात राहते.

हे सगळे बसवलेले असूनही ऐन वेळी ते चालत नाही, आणि माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. कुठेतरी गळती असते, नळातला दाब उतरतो, जॉकी पंप रात्री-अपरात्री चालू-बंद होत राहतो. रहिवासी आवाजाची तक्रार करतात. गळती शोधण्याऐवजी पॅनेलचा स्विच 'ऑटो'वरून काढून 'मॅन्युअल'वर किंवा 'ऑफ'वर ठेवला जातो. त्या क्षणापासून त्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा नाही, फक्त लाल रंगाचे नळ आहेत. आपल्या पंपरूममध्ये जाऊन तो स्विच कुठे आहे हे प्रत्येक रहिवाशाने आजच पाहून यावे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर जानेवारीत आणि जुलैत 'फॉर्म बी' द्यावा लागतो. तो मिळवणे म्हणजे कोणाची तरी सही घेणे नव्हे. तपासणीच्या वेळी सर्वांत वरच्या मजल्याचा हायड्रंट प्रत्यक्ष उघडायला लावावा.

आगीपेक्षा धूर आधी मारतो. केबल आणि नळांसाठी प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोक असते. ते आग न जाऊ देणाऱ्या सामग्रीने पुन्हा बुजवले नाही तर विजेचा शाफ्ट धुराड्याचे काम करतो आणि चौथ्या मजल्यावरचा धूर काही मिनिटांत अठराव्यावर पोहोचतो. आराखड्यात हे बुजवणे असते. पण ताबा मिळाल्यावर इंटरनेटवाले येतात, केबलवाले येतात, नवी भोके पाडतात आणि निघून जातात. त्यांच्यामागे बुजवणारे कोणी नसते. चोवीस मीटरपेक्षा उंच इमारतींत आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मधल्या मजल्यांवर मोकळी ठेवलेली रेफ्यूज जागाही अशीच कपाटे, झोपाळे आणि जुन्या सायकलींनी भरते. जिन्याचे अग्निरोधक दार वाऱ्यासाठी वीट लावून उघडे ठेवलेले दिसते. ते दार बंद असेल तरच जिना धुरापासून वाचतो.

हा माणूस तयार कसा होतो? बहुतेक जण मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलची पदविका किंवा पदवी घेऊन येतात. पण इमारतीच्या सेवा हा विषय कॉलेजात ओझरता शिकवतात, खरे शिक्षण साइटवर होते. स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी सेंटरिंगवर चढून, उद्या ज्या ज्या ठिकाणी नळ जाणार तिथे भोक राखणारी स्लीव्ह बसली आहे का हे टॉर्च घेऊन पाहणे, हा या कामाचा पहिला धडा. एक स्लीव्ह विसरली तर नंतर कोअर कटिंग करून काँक्रीट कापावे लागते, आणि बीममधली सळई कापली गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअर हक्काने रागावतो. कार्यालयात बसणाऱ्याची लढाई इंचांची असते. एसीचा डक्ट, स्प्रिंकलरचा नळ, केबल ट्रे आणि सांडपाण्याचा उतार लागणारा नळ, सगळ्यांना बीमखालचे तेच दीड फूट हवे असतात. सांडपाण्याच्या नळाला उतार सोडता येत नाही, म्हणून त्याची जागा आधी ठरते आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. आता हे संगणकावर त्रिमितीय आराखडा करून आधी पाहता येते, पण कुठल्या नळाने वाट द्यायची ही समज माणसाचीच लागते.

सांडपाण्यातली सर्वांत साधी आणि सर्वांत हुशार वस्तू म्हणजे ट्रॅप. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम साठून राहते आणि तेवढेच पाणी गटारातले वायू आणि झुरळे घरात येऊ देत नाही. मे महिन्यात घर बंद करून गावी गेलेले कुटुंब परतते तेव्हा दुर्गंधी येते, कारण ते पाणी सुकलेले असते. जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओतले तर ते लवकर सुकत नाही. गच्चीवर वर डोके काढून उभा असलेला व्हेंट पाइपही याच कामाचा. वरून फ्लशचा लोट खाली येताना मागे निर्वात होतो, आणि हवा आत यायला वाट नसेल तर तो खालच्या मजल्यांच्या ट्रॅपमधले पाणी शोषून नेतो. काही सोसायट्या वासाच्या भीतीने तो पाइप वरून बंद करतात. मग वास घरात येतो.

वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, म्हणून मोठ्या संकुलांत आता सांडपाणी प्रक्रिया केंद्र, एसटीपी, असते. त्यात जिवाणू मैला खातात, आणि जिवाणूंना हवा देणारा ब्लोअर चोवीस तास चालावा लागतो. विजेचे बिल वाचवायला तो रात्री बंद केला की जिवाणू मरतात, वास सुटतो आणि संकुलाला वाटते की यंत्रच टाकाऊ आहे. नीट चालवले तर माणशी १३५ लिटरांपैकी फ्लशचे ४५ लिटर या शुद्ध केलेल्या पाण्यातून भागतात. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला ही बचत थोडी नाही.

पण याच टाक्यांत आणि अशाच खोल, बंदिस्त जागांत माणसे मरतात. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला नेतिवली भागात एका विहिरीत पाच जण गुदमरून गेले. सफाईसाठी एक जण उतरला, त्याला काढायला बाकीचे उतरले, आणि त्या पाचांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. मे २०१९मध्ये ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र साफ करताना तीन कामगार गेले. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटून माणूस आणखी खाली उतरतो. प्रमाण त्याच्या पाच-सात पट झाले तर काही श्वासांत शुद्ध हरपते. वर उभा असलेला सहकारी त्याला पडताना पाहतो आणि उडी घेतो. अशा ठिकाणी बळी एकाच वेळी दोन, तीन, पाच असे पडतात ते यामुळे.

माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये असुरक्षितपणे उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी तो उतरवला जातो, कारण तळाचा पंप अडकला की तो काढायला दुसरा मार्ग ठेवलेला नसतो. हा मार्ग आराखड्यातच ठेवता येतो. पंप दोन उभ्या गाइड रेलवर बसवला आणि त्याला साखळी बांधली की झाकण उघडून तो वरूनच ओढून काढता येतो, दुरुस्त करून पुन्हा खाली सोडता येतो. खाली तो आपल्या वजनाने जोडणीवर जाऊन बसतो. झाकण पंपाच्या बरोबर वर आणि पंप निघेल एवढे मोठे हवे, वर साखळी कप्पी अडकवायला छताला हुक हवा, टाकीला हवा ओढणारा पंखा हवा, आणि गाळ उपसणाऱ्या टँकरची गाडी त्या झाकणापर्यंत पोहोचेल असा रस्ता हवा. निविदेच्या वाटाघाटीत खर्च कमी करायची वेळ आली की रेल, हुक आणि पंखा या ओळी सर्वांत आधी खोडल्या जातात, कारण फ्लॅट बघायला आलेल्या ग्राहकाला त्या दिसत नाहीत. सेवा अभियंत्याने त्या खोडू देऊ नयेत, आणि सोसायटीने इमारत ताब्यात घेताना झाकण उघडायला लावून त्या जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे.